घरचे कार्ड आणि धंद्याची वही

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अखिल मानवजातीला शांती व समतेचा मार्ग दाखविणारे तथागत भगवान बुद्ध आणि आपल्याला माणूस म्हणून ताठ उभे करणारे बोधिसत्त्व, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस आम्ही प्रथम विनम्र अभिवादन करतो.

संस्थेने आम्हाला बोलावयास सांगितले तेव्हा ‘धम्म आणि अर्थकारण’ असा विषय सुचविण्यात आला होता. विषय फार मोठा आहे आणि आमची झोळी लहान आहे. म्हणून त्यातला खिशात मावेल एवढाच तुकडा आम्ही उचलला आहे. तो खरोखरच खिशात मावतो, कारण तो आहे प्लॅस्टिकच्या कार्डाएवढा. दुकानात खरेदीसाठी म्हणून आपल्याला घरच्या नावावर जे उधारीचे कार्ड मिळते, ते आपल्या लहानशा धंद्याच्या खर्चाला वापरावे काय? प्रश्न एवढाच आहे. धम्माच्या सभेत हा कुठला विषय काढला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या घरात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला धास्ती शिरते, त्या घरात त्रिशरण म्हणतानाही मन स्थिर राहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आज आपल्या वस्तीत धंदा नाही असे म्हणता येणार नाही. कोणी शिवणयंत्र चालविते, कोणी शेंगाचटणी व कडक भाकरी करून सोलापूरला पोहोचविते, कोणी टॉवेल-चादरी आणून गावोगाव विकतो, कोणी मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी जे स्वप्नातही नव्हते, ते आज घडत आहे. या सर्वांना भांडवल लागते आणि ते वेळेवर मिळत नाही. बँकेत गेले की कागद मागतात, जामीनदार मागतात, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. दुकानातला मुलगा मात्र हसून विचारतो, “सर, कार्ड काढून देऊ का? दहा मिनिटांत होईल.” आयुष्यभर दारात थांबविल्या गेलेल्या माणसाला ‘सर’ म्हणून कोणी आत बोलावले, तर त्याचा पाय आपोआप आत पडतो. यात त्या माणसाला दोष देण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही.

परंतु आत पाऊल टाकण्यापूर्वी हे कार्ड म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. यात मुख्यत्वे दोन प्रकार दिसतात. एक हप्त्याचे कार्ड. त्यावर ठराविक दुकानांतून फ्रिज, मोबाईल, शिवणयंत्र अशी वस्तू घ्यावयाची आणि ठराविक महिन्यांत हप्ते फेडावयाचे. दुसरे दोन नावांचे कार्ड. त्यावर दुकानाचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि बँकेचे लहान अक्षरांत. कार्ड दुकानात मिळाले म्हणून आपण दुकानदाराचे देणेकरी झालो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दुकानदार केवळ गिऱ्हाईक आणून देतो. पैसे बँकेचे असतात, वसुली बँकेची असते आणि नोंदही बँकच करते.

या कार्डाचा नियम वरवर सोपा आहे. महिनाभर खरेदी करा, मग बिल येईल, दिलेल्या तारखेपर्यंत सगळी रक्कम भरा, एक पैसा व्याज नाही. इथपर्यंत सौदा चांगला आहे आणि तो चांगला नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण सगळी रक्कम भरली नाही तर? मग उरलेल्या रकमेवर, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून, व्याज सुरू होते. नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही सहसा जाते. अनेक कार्डांवर हे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या जुन्या माणसांना ही भाषा चांगली समजते. सावकाराच्या बोलीत याला ‘शेकडा साडेतीन’ म्हणतात. वर्षाचे झाले बेचाळीस टक्के. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. आमच्या आजीने शेकडा साडेतीनचा आकडा ऐकला असता तर ती उंबऱ्यातूनच परत फिरली असती. आम्ही शिकलेले, आम्ही सही केली.

होय, आम्ही स्वतःविषयीच बोलत आहोत. घरची गोष्ट चारचौघांत सांगावयास संकोच वाटतो, पण ती न सांगता उपदेश केला तर तो पोकळ ठरेल.

आमच्या पत्नी घरी शिवणकाम करतात. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता शहरातील एका मोठ्या दुकानात मुलांना कपडे घेण्यास गेलो असता तेथे कार्ड काढून देण्यात आले. पगार आमचा, म्हणून कार्डही आमच्या नावावर. सुरुवातीला ते घरच्या खरेदीलाच वापरले आणि तारखेला पैसेही भरले. पुढे पत्नीला एका शाळेच्या ६० गणवेशांचे काम मिळाले. घरात आनंद झाला. एवढे मोठे काम पूर्वी कधी आले नव्हते. त्या म्हणाल्या, “अहो, पण कापडाला पैसे कुठून आणायचे?” आम्ही ऐटीत म्हणालो, “कार्ड आहे ना!”

आता हिशोब ऐका. एका गणवेशाचे ४२० रुपये ठरले होते, म्हणजे ६० गणवेशांचे २५,२०० रुपये. कापड, दोरा, बटणे, अस्तर मिळून १५,६०० रुपये कार्डावर गेले. मदतीला घेतलेल्या बाईची मजुरी, इस्त्री आणि वाहतूक यांचे ४,८०० रुपये रोख दिले. उरले ४,८००. दीड महिना रात्री जागून केलेल्या कामाचे ४,८०० रुपये काही फार नव्हेत, पण पहिल्या मोठ्या कामाचे म्हणून आम्ही समाधान मानले.

गणवेश वेळेवर दिले. पैसे मात्र पाच महिन्यांनी आले. आज या, उद्या या, साहेब रजेवर आहेत, चेकवर सही व्हायची आहे. हे आपल्यापैकी प्रत्येक लहान धंदेवाल्याने ऐकलेले आहे. इकडे कार्डाचे बिल थांबेना. त्याच कार्डावर सणाचे कपडे होते, कुकर होता, पाहुण्यांना केलेला आहेर होता. एकूण बाकी २६,००० रुपये. बिलावर मोठ्या अक्षरांत ‘किमान देय रक्कम १,३०० रुपये’ असे छापलेले असे. आम्हाला वाटले, एवढे भरले की झाले. प्रत्यक्षात काय होत होते? २६,००० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज ९१० रुपये, त्यावर कर १६४ रुपये, एकूण १,०७४. आम्ही भरलेल्या १,३०० रुपयांपैकी मुद्दलात जमा झाले फक्त २२६ रुपये! डोंगर टाचणीने खोदावा तसा प्रकार. त्यातच शाळेच्या पैशाची वाट पाहता पाहता दोनदा तारीख चुकली आणि प्रत्येक वेळी ५०० रुपये व वर कर असा दंड बसला.

शेवटी एका रविवारी आम्ही सगळ्या पावत्या जमिनीवर पसरल्या. निम्म्या पावत्यांवरची शाई उडून कागद कोरा झाला होता. आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. ती वही घेऊन बसली आणि तिने प्रत्येक पावतीला विचारावे तसे आम्हाला विचारण्यास सुरुवात केली, “पप्पा, हा कुकर कोणत्या धंद्याचा?” आमच्याकडे उत्तर नव्हते. बँकेच्या पत्रकाशी ताडून तिने दोन रकाने पाडले. एकात घर, दुसऱ्यात शिवणकाम. शंभरातले साठ रुपये शिवणकामाचे निघाले, चाळीस घरचे. मग तिने १५,६०० रुपयांवरचे व्याज व कर पाच महिन्यांचे धरले. ढोबळ मानाने ३,२२० रुपये. दोन दंड करासह १,१८० रुपये. एकूण ४,४००. ज्या कामात आम्ही ४,८०० रुपये मिळविले असे समजत होतो, त्यात शिल्लक राहिले ४०० रुपये. दीड महिन्याच्या जागरणाचे ४०० रुपये! पत्नी काही बोलल्या नाहीत. त्यांनी यंत्रावर कापड झाकले आणि त्या आत गेल्या. ते आम्ही अजून विसरलो नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते. पुढच्याच वर्षी मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिक्षणकर्जासाठी बँकेत गेलो. शिक्षणकर्जात पालक सहकर्जदार असतात, म्हणून आमचा पतअहवाल काढण्यात आला. ३०० ते ९०० या मोजपट्टीवर आमचा आकडा खाली घसरला होता. कारण, कार्डाचे दोन चुकलेले हप्ते आणि सतत काठोकाठ भरलेली बाकी. अधिकारी सौजन्याने वागले, पण म्हणाले, “आधी हे स्वच्छ करा.” कर्ज मिळाले, पण उशिरा. मधल्या काळात फीचा पहिला हप्ता पत्नीच्या कानांतली फुले गहाण ठेवून भरला. शिवणकामाच्या कापडासाठी केलेली उधारी मुलीच्या कॉलेजच्या दारात जाऊन आडवी उभी राहिली. घर आणि धंदा यांच्यामधली भिंत पाडली की असे होते. धंद्याला लागलेली आग घरात येते आणि घरातली धंद्यात जाते.

मित्रहो, मग आमची चूक नेमकी कोणती? कर्ज काढले ही? तसे म्हणता येणार नाही. या बाबतीत आपण तथागतांकडे जाऊ या. बुद्धाचा धम्म गरिबीचे गोडवे गात नाही. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात एक दृष्टांत येतो. एक मनुष्य कर्ज काढून धंदा करतो, धंदा यशस्वी होतो, तो कर्ज फेडतो आणि वर कुटुंबाच्या पोषणासाठी काही उरते. त्या माणसाला जो आनंद होतो, त्याची उपमा चित्ताचे अडथळे दूर झालेल्या साधकाच्या आनंदाला दिली आहे. म्हणजे धंद्यासाठी काढलेले आणि धंद्यातूनच फेडलेले कर्ज तथागतांनी निंद्य मानलेले नाही. त्याच वेळी अंगुत्तरनिकायात ऋणाचे दुःख पायरीपायरीने सांगितले आहे. ऋण, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. आणि अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत अनृण असण्याचे सुख स्वतंत्र मोजले आहे.

सिगालोवाद सुत्त आपण सर्वांनी ऐकले आहे. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागत गृहस्थधर्म सांगतात. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवण्याचा. आपण या उपदेशातील आकड्यांवर चर्चा करतो. अर्धी मिळकत धंद्यात घालणे आज शक्य आहे काय, वगैरे. परंतु आमच्या मते त्यातील पहिला शब्द अधिक महत्त्वाचा आहे. भाग करावेत! जे एकत्र मिसळले त्याची वाटणी होत नाही. आमच्या कार्डावर कुकर आणि गणवेशाचे कापड एकाच बाकीत बुडाले होते. उपभोगाचा भाग कोणता आणि व्यवसायाचा कोणता, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. कोलिय कुळातील दीघजाणूला उपदेश करताना तथागतांनी तराजूची उपमा दिली आहे. तराजू धरणारा जसे कोणते पारडे किती झुकले ते जाणतो, तसे गृहस्थाने आपली आवक आणि जावक जाणावी. आता ज्या तराजूला एकच पारडे आहे, त्यावर काय तोलणार? घरच्या कार्डावर धंदा चालविणे म्हणजे एका पारड्याचा तराजू घेऊन बाजारात बसणे होय.

बाबासाहेबांच्या चरित्राकडे पाहा. १९२० साली ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन गेले. कर्ज त्यांनीही काढले. पण ते कशासाठी आहे हे ठरलेले होते. लंडनमध्ये त्यांनी अर्धपोटी राहून दिवस काढले, पण ग्रंथालयातील एक तास वाया घालविला नाही. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्जाचा पैसा ज्या कामाचा, त्याच कामाला लावणे हा धडा आम्ही त्यांच्याकडून घ्यावयास हवा होता.

आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासातही एक धडा आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि कर्जरोखे जाळण्यात आले. पाहता पाहता ते लोण पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्या कायद्याने कुळाला काय दिले? इतर गोष्टींबरोबर पैसे दिल्याची पावती मागण्याचा, वर्षाचा हिशोब मागण्याचा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. कारण तोपर्यंत वही फक्त सावकाराकडे असे. तो लिहील ते मुद्दल आणि तो म्हणेल ते व्याज. अंगठा आपला, अक्षर त्याचे. आज काय परिस्थिती आहे? हिशोब दरमहा न मागता मोबाईलवर येतो, ओळीओळीने येतो, आणि आपण तो उघडून वाचत नाही. त्या वेळच्या माणसाला वाचता येत नव्हते म्हणून तो नाडला गेला. आपल्याला वाचता येते आणि आपण वाचत नाही. दोघांपैकी अधिक शोचनीय कोण, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

वळसंगमध्ये उभे राहून हे बोलताना आपल्या विहिरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, वरून कोणी ओतील तेव्हा ओंजळ धरावयाची, अशा काळात येथील आपल्या पूर्वजांनी स्वतःची विहीर उभी केली आणि १९३७ साली बाबासाहेब येथे येऊन त्या विहिरीचे पाणी प्याले. त्या पिढीजवळ पैसा नव्हता, पण दुसऱ्याच्या ओतण्यावर जगावयाचे नाही हा निर्धार होता. उधारीचे पाणी कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. आणि विहीर आपली झाल्यावरही घरची घागर वेगळी आणि मळ्याची मोट वेगळीच असते. घागरीने मळा भिजत नाही आणि मोटेचे पाणी माजघरात सोडीत नाहीत.

आता प्रश्न राहतो, करावयाचे काय? कार्ड मोडून फेकून द्या, असे सांगून आम्ही टाळ्या घेऊ शकू. पण उद्या सकाळी ज्या भगिनीला दोऱ्याची रिळे आणावयाची आहेत तिचा प्रश्न टाळ्यांनी सुटत नाही. म्हणून आमच्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

पहिली गोष्ट, दोन वह्या. घरची एक, धंद्याची एक. शंभर पानी साधी वही पुरते. बँकेतही धंद्यासाठी वेगळे बचत किंवा चालू खाते असावे. पावती मिळाली की त्याच रात्री रक्कम वहीत उतरावी, कारण त्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे काही महिन्यांत उडतात. आयकराच्या दृष्टीनेही धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज धंद्याच्या खर्चात धरता येते, घरखर्चाच्या कर्जाचे येत नाही. दोन्ही मिसळले की कोणते कोणाचे हे सिद्ध कसे करणार?

दुसरी गोष्ट, नाइलाजाने कार्ड वापरावेच लागले तर एक कार्ड फक्त धंद्यालाच ठेवावे आणि त्यावर घरची काडीपेटीही घेऊ नये. मात्र घरच्या वापरासाठी दिलेले कार्ड धंद्याला चालते की नाही, हे त्याच्या अटींत पाहून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी धंद्याच्या खर्चासाठी वेगळ्या व्यावसायिक कार्डाची सोय मान्य केली आहे, ती याच कारणासाठी. आणि कार्डावर माल तेव्हाच घ्यावा, जेव्हा तो विकून पैसे बिलाच्या तारखेच्या आत हाती येणार हे नक्की आहे. चटणी आज केली, आठ दिवसांत विकली, तर कार्ड मदतनीस आहे. गणवेश आज शिवले आणि पैसे दिवाळीनंतर, तर तेच कार्ड सावकार आहे. कार्डावर रोख रक्कम तर काढूच नये. तिला सहसा बिनव्याजी मुदत नसते, पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर शुल्कही.

तिसरी गोष्ट, भाव सांगताना उधारीची किंमत धरावी. आम्ही ४२० रुपये सांगितले तेव्हा कापड मोजले, दोरा मोजला, पण वाट पाहण्याचे मोल मोजले नाही. मोठ्या कामाला आगाऊ रक्कम मागण्यास लाजू नये. निदान कापडापुरती तरी मागावी. उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनाशुल्क आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे १५ दिवसांत, आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास खरेदीदाराला चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते तर शाळेच्या दारात आम्ही याचक म्हणून उभे राहिलो नसतो.

चौथी गोष्ट, ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाला भुलू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास किती सूट, एवढेच दुकानात विचारावे. जी सूट सुटली तेच व्याज. त्यात प्रक्रियाशुल्क मिळवावे.

पाचवी गोष्ट, दहाजणींच्या धंद्याचा खर्च एकीच्या कार्डावर कधीही टाकू नये. बचतगटाच्या मालासाठी एखादी भगिनी भोळेपणाने आपले कार्ड पुढे करते. नफा दहाजणींत वाटला जातो, पण तारीख चुकली तर नोंद तिच्या एकटीच्या नावावर होते. आमच्या मंडळांच्या कार्यक्रमांनाही हाच नियम लावावा. मंडपाचे बिल खजिनदाराच्या घरच्या कार्डावर जाणे हे त्यागाचे लक्षण नसून हिशोबाच्या गोंधळाचे लक्षण आहे.

आणि स्वस्त भांडवलाची दारे आधी ठोठवावीत. बचतगट आहे. अनेक गटांत अंतर्गत कर्ज शेकडा एक-दोनने मिळते आणि ते व्याजही गटातच राहते. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्यातील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाखांपर्यंत मर्यादेची खास कार्डे जाहीर झाली. या दारांत वेळ लागतो, हेलपाटे होतात, कधी नकारही मिळतो. आम्ही हे सर्व सोपे आहे असे म्हणत नाही. परंतु दहा मिनिटांत मिळालेले शेकडा साडेतीनचे पैसे फेडावयास आम्हाला चौदा महिने लागले. शेवटी पत्नीच्या बचतगटाने कर्ज दिले, त्यातून कार्डाची बाकी एकरकमी भरली आणि गटाचे कर्ज शिवणकामाच्या वहीतून फेडले. ती वही त्या स्वतः लिहितात. आम्हाला तिला हात लावण्याची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. आमच्या घरात पावत्या वेगळ्या करण्याचे काम बारावीतल्या मुलीने केले. आम्ही पदवीधर, पण आम्हाला ते सुचले नाही, कारण आम्हाला आकड्याला सामोरे जाण्याची लाज वाटत होती. तुमच्या गल्लीत असे एखादे घर असेल, जिथे शिवणयंत्र चालते किंवा चटणी कुटली जाते आणि पावत्या डब्यात कोंबलेल्या असतात. येत्या एका रविवारी त्या घरी जा. पावत्या पसरा, दोन रकाने पाडा, मोबाईलवर आलेले बिल ओळीओळीने वाचून दाखवा. वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो, तो काढून द्या. कोणाला हसू नका आणि कोणाचा आकडा बाहेर सांगू नका. बाबासाहेबांनी शिकण्याचा मंत्र दिला, तो केवळ आपल्या नोकरीसाठी दिला नव्हता. ज्या समाजाचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वहीत होता, त्या समाजाने आपली वही आपल्या हाताने लिहावी, हाही त्या शिकण्याचा अर्थ आहे.

आमच्या मुलीचे शिक्षण पूर्ण झाले. ती आज नोकरी करते आणि शिक्षणकर्जाचा हप्ता तारखेच्या दोन दिवस आधी भरते. पत्नीची फुले सोडवून आणली आहेत. त्या आज या सभेत पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि आम्ही हिशोबात कुठे चुकतो काय, हे लक्ष देऊन ऐकत आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी चुकलो नाही, असे दिसते.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जय भीम.